वाण नाही, पण गुण लागला

२०२४ सालच्या वसंतात आम्ही दोघं पुन्हा एकदा बर्लिनला लेकीकडे गेलो होतो. पहिल्याच दिवशी नातीबरोबर ऊबानने, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेने, निघालो. गाडीत बसल्यावर ह्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात हिब्रूत काहीतरी विचारलं. नातीने हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, इथे हिब्रू नको. मराठीत बोला."

हे आधी हसले. मग गप्प झाले. आम्हीही गप्प झालो.

वाचक बंधुभगिनींनो, त्या गप्प बसण्यामागे पन्नास वर्षांचा हिशोब होता. १९७१ साली आम्ही अश्दोदला आलो तेव्हा बसमध्ये मराठी बोललो की लोक वळून बघायचे. शेजारीण सांगायची, "हिब्रू बोला, नाहीतर मुलं मागे राहतील." म्हणून मराठी घरात ठेवली आणि रस्त्यावर हिब्रू घेतली. आता म्हातारपणी बर्लिनच्या गाडीत आमचीच नात सांगते की हिब्रू घरात ठेवा आणि रस्त्यावर मराठी बोला! नातीची चूक नव्हती. ऑक्टोबर २०२३ नंतर तिच्या ओळखीच्या मुलामुलींनी गळ्यातले मागेन दाविद सदऱ्याच्या आत टाकले होते. तिने कुणाचं भाषण ऐकून हे ठरवलं नव्हतं. भोवतालचं बघून तिचा आवाज आपोआप खाली आला होता. आणि सांगायला लाज वाटते, चार दिवसांत आमचाही आला. पाचव्या दिवशी दुकानात लेकीचा फोन आला तर आम्ही कोपऱ्यात जाऊन कुजबुजत बोललो. तिथे आम्हाला कोणी काही बोललं नव्हतं, कोणी वाकडं बघितलंही नव्हतं.

आपल्याकडे म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लहानपणी ही म्हण वाईट संगतीबद्दल ऐकली. आता वाटतं, ती संगतीपुरती नाही. गोठा, दावण, गव्हाण, सगळ्यांचाच गुण लागतो.

आम्हा दोघांचंही बालपण अलिबाग-रेवदंड्याकडचं. अलिबागेत आमची इस्राएल आळी. आजूबाजूला हिंदू, मुसलमान, सगळे. आमच्या वाडवडिलांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. ते नाव ऐकून आम्हाला कधी अपमान वाटला नाही. सोमवारी बैलांना विसावा देणारे तेली, तसे शनिवारी देणारे हे, एवढाच त्याचा अर्थ. दारफाळणीच्या सणाला (आता सगळे किप्पूरच म्हणतात) पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं. कुणाला शिवायचं नाही. शेजारच्या काकू आपल्या पोरांना दटावायच्या, "आज तिकडे जाऊ नका रे, त्यांचा सण आहे." दुसऱ्या दिवशी शिळा सण, की दारं सताड उघडी, आणि पोरं ओटीवर हजर. दार लावणं म्हणजे भिणं असतं, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. ही काही आमची शूरता नव्हती. भिण्यासारखं काही आसपास नव्हतं, म्हणून भीती शिकलो नाही, इतकंच.

तोच सण जर्मनीतल्या हाले गावात. ९ ऑक्टोबर २०१९. सिनेगॉगमध्ये पन्नासेक माणसं तेफिल्ला करीत होती. एक बंदूकवाला आला, दारावर गोळ्या झाडल्या, स्फोटकं टाकली. लाकडी दार टिकलं. आतली माणसं वाचली, पण बाहेर त्याने दोन निरपराध जीव घेतले, एक रस्त्याने चाललेली बाई आणि एक तरुण, जेवणाच्या दुकानात. दोघेही यहुदी नव्हते. बर्लिनमध्ये सिनेगॉगच्या बाहेर, यहुदी शाळेच्या बाहेर पोलीस उभे दिसतात ते आम्हाला आधी जास्तीचं वाटलं होतं. हालेची हकिकत कळल्यावर वाटेनासं झालं. सण तोच, दार लावायचं तेही तसंच. पण एका गावात दार लावल्यावर मन शांत होतं आणि दुसऱ्या गावात कान बाहेर लागतात.

हे सगळं नातीशी बोलत होतो. ती बर्लिनला मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, ह्यावरच एकाने आयुष्य घालवलं. आपल्यातलाच होता." मग तिने कुर्ट लेविनची गोष्ट सांगितली. जन्म १८९० चा, मोगिल्नो गावचा. ते गाव तेव्हा प्रशियात होतं, आता पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात तो जर्मन सैन्यात लढला आणि १९१७ साली त्याने युद्धभूमीवर एक छोटा लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की शांततेच्या काळात चालत निघालं की मुलूख चहूकडे सारखाच पसरलेला दिसतो. पण आघाडीजवळ येऊ लागलं की त्याच मुलखाला पुढची बाजू आणि मागची बाजू येते, पुढे एक हद्द असल्यासारखं वाटतं. शेत हे शेत राहत नाही, ती मोर्चाची जागा होते. झाडी म्हणजे लपायचं ठिकाण. घराच्या फळ्या म्हणजे सरपण. एरवी जो माणूस दुसऱ्याच्या घराची फळी काढायला धजणार नाही, तोच तिथे ती काढून जाळतो आणि त्याला काही वाटत नाही.

पुढे हा लेविन बर्लिन विद्यापीठात शिकवू लागला. त्यांचा मानसशास्त्र विभाग चक्क जुन्या राजवाड्यात होता. १९३३ साली हिटलर आल्यावर तो अमेरिकेला गेला. त्याची आई मागे राहिली, ती नाझींच्या हातून मेली. अमेरिकेत १९३६ साली त्याने आपलं म्हणणं सूत्रात मांडलं. माणसाचं वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती ह्या दोन्ही मिळून ठरतं. नुसत्या स्वभावाने नाही, नुसत्या परिस्थितीनेही नाही.

ऐकताना बरं वाटलं. पण आमच्या मनात दुसरंच काही चाललं होतं. ते सांगायचं म्हणजे २०२२ सालच्या उन्हाळ्याकडे जावं लागेल. बर्लिनला आम्ही पहिल्यांदा गेलो ते तेव्हा.

त्या वेळी जावयांनी आम्हाला शोनेबर्ग भागात बायरिश फिएर्टेल बघायला नेलं. एकेकाळी तिथे सुखवस्तू यहुदी राहत. आइन्स्टाइनचं घरही तिथलंच. आज साधी वस्ती आहे, मुलं सायकली चालवतात, बायका पिशव्या घेऊन बाजाराला जातात. पण दिव्याच्या खांबांवर पाट्या लावल्या आहेत. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक ह्या दोन कलाकारांनी १९९३ साली अशा ऐंशी पाट्या लावल्या. एका बाजूला रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा हुकूम. मांजराचं चित्र, पलीकडे लिहिलंय की यहुद्यांनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, १९४२. यहुद्यांनी चौकातल्या फक्त पिवळी खूण असलेल्या बाकांवर बसायचं, १९३९. यहुदी डॉक्टरांनी डॉक्टरकी करायची नाही, १९३८. एकेक हुकूम वाचला तर लहानसा. आज बाक, उद्या मांजर. बाजूने जाणारे शेजारी दर वेळी थोडे अवघडले असतील आणि थोडे सरावले असतील.

एका पाटीवर पावाचं चित्र होतं. पलीकडे, बर्लिनच्या यहुद्यांनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच ह्या वेळात घ्यायच्या, जुलै १९४०. ते वाचून आम्ही तिथेच उभे राहिलो. ह्यांना वाटलं, पाय दुखतायत. पाय दुखत नव्हते. आम्हाला एक म्हातारी आठवली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते, वृद्धांच्या वॉर्डात ड्यूटी होती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. सात नंबरच्या खाटेवर एक बाई होती. जन्मस्थान बर्लिन, एवढं फायलीत होतं. छावणीतून वाचून आलेली. ती उशीखाली पाव लपवायची. रोज सकाळी चादरी बदलताना पावाचे वाळलेले तुकडे, मुंग्या. सिस्टर लोक तिला ओरडायच्या, पाव केराच्या बादलीत टाकायच्या. ती रडायची. रात्री उठून शोधत फिरायची, पडेल म्हणून मग तिचे हात मऊ पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधायचे. पहिल्या दिवशी हे बघून आम्हाला जेवण गेलं नाही. मुंबईला ट्रेनिंगमध्ये असं शिकवलं नव्हतं, आणि घरी तर पाव पायाखाली आला तरी उचलून कपाळाला लावणारी आमची आजी. पण वॉर्डात तीस खाटा आणि रात्रीला दोन नर्सेस. भाषा अजून नीट यायची नाही. आम्ही नव्या, त्यातून हिंदुस्थानातल्या. आमच्या लोकांना आपण खरे यहुदी आहोत हे पटवायला १९६४ साली यरुशलेमला धरणं धरावं लागलं होतं. ते आम्ही येण्याआधीचं, पण वारं अजून तेच होतं. अशा वेळी नव्या माणसाने तोंड उघडायचं नसतं.

तीन महिन्यांनी आम्हीच तिला ओरडत होतो. आम्हीच पाव बादलीत टाकत होतो. पट्टी बांधायची गाठ तर आमच्याइतकी झटपट कुणाला जमत नव्हती. वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. ती बाई राहिलीच नव्हती, सात नंबर झाली होती.

बदल केला तो आम्ही नर्सेसनी नाही. मोरोक्कोहून आलेली एक सफाईवाली होती, लिहितावाचता न येणारी. ती आमच्याबरोबर चहाला बसायची नाही, तिचं बोलणं-बसणं वेगळं. एक दिवस तिने घरून झाकणाचा पत्र्याचा डबा आणला, म्हातारीचा पाव त्यात ठेवला आणि डबा तिच्या हाताला लागेल असा उशाशी ठेवला. त्या रात्री म्हातारी उठली नाही. डब्यावर हात ठेवून झोपली. पट्टी लागली नाही. डॉक्टर न बोलावता, औषध न देता एका डब्याने काम झालं. आम्ही तिघीचौघी एकमेकींकडे बघत राहिलो. नंतर कुणी त्याबद्दल बोललं नाही.

चार ते पाच. तिला पाव का लपवावासा वाटायचा त्याचं उत्तर पन्नास वर्षांनी खांबावर लटकलेलं मिळालं. निदान त्यातला थोडा भाग तरी.

त्याच सफरीत आम्ही हादामारला जायचा हट्ट धरला. लेक म्हणाली, "आई, कशाला? झोप लागणार नाही." पण आयुष्यभर नर्सिंग केल्यावर ती जागा न बघता परत येणं बरं दिसलं नसतं. हादामार हे हेसेन प्रांतात लिंबुर्गजवळचं छोटं गाव. टेकडीवर मनोरुग्णांचं इस्पितळ. नाझींनी अपंग आणि मनोरुग्णांना मारायची जी योजना केली तिचा कारभार बर्लिनला टियरगार्टनश्ट्रासे ४ ह्या पत्त्यावरून चाले, म्हणून तिला टी-४ म्हणतात. सहा ठिकाणी गॅसची व्यवस्था होती, त्यातलं एक हादामार. जानेवारी ते ऑगस्ट १९४१ ह्या काळात एकट्या हादामारला दहा हजारांवर माणसं गॅसने मारली. करड्या बसगाड्यांतून आणायचे. ज्या लाकडी गॅरेजात त्या बसगाड्या शिरायच्या ते अजून आहे. तळघरात खोली आहे, फरशी काळी-पांढरी चौकटीची. आमच्या वेळच्या कुठल्याही इस्पितळाच्या न्हाणीघरात शोभेल अशी.

गावाला माहीत नव्हतं असं नाही. धुराडं सगळ्यांना दिसत होतं. ऑगस्ट १९४१ मध्ये लिंबुर्गच्या बिशपने सरकारला पत्र लिहिलं, त्यात म्हटलं होतं की बस दिसली की गावातली पोरं म्हणतात, ती बघा खुनाची पेटी आली. पोरांच्या खेळण्यात, भांडणात ते शब्द आले होते. दहा हजारावं प्रेत जाळलं तेव्हा कामगारांना बिअर वाटली, ही गोष्ट नंतर साक्षीत बाहेर आली.

चर्चच्या लोकांनी आवाज उठवल्यावर ऑगस्ट १९४१ मध्ये गॅस बंद झाला. पण १९४२ पासून हादामारला पुन्हा मारायला सुरुवात झाली, आता औषधांनी आणि उपासमारीने. आणखी सुमारे ४,४०० माणसं गेली. त्यात १९४३ पासून अनाथाश्रमांतून आणलेली अर्ध-यहुदी मुलंही होती, चाळीसच्या आसपास मारली गेली. सकाळी डॉक्टर, व्यवस्थापक आणि मुख्य नर्स ह्यांची बैठक व्हायची, नावं ठरायची. रात्री ड्यूटीवरच्या नर्सेस ल्युमिनाल, व्हेरोनाल जास्त प्रमाणात द्यायच्या. ल्युमिनाल म्हणजे आमच्या मुंबईच्या वॉर्डातलं गार्डेनाल. ह्याच हातांनी आम्ही ते फिटच्या रुग्णांना मोजून दिलंय.

ऑक्टोबर १९४५ मध्ये वीस्बाडेनला अमेरिकनांनी खटला चालवला. व्यवस्थापक आणि दोन पुरुष नर्स फासावर गेले. मुख्य नर्स इर्मगार्ड हूबर हिला २५ वर्षांची शिक्षा झाली, १९५२ साली ती सुटली. तिचा फोटो बघितला. आमच्या कुठल्याही मेट्रनसारखा चेहरा. राक्षसाचा चेहरा दिसता तर बरं वाटलं असतं.

आम्ही काही त्यांच्या पंक्तीला बसत नाही. पाव बादलीत टाकणं आणि औषध जास्त देणं ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण पहिली पायरी कशी असते ते आम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी जेवण जात नाही, आणि तीन महिन्यांनी गाठ झटपट बांधता येते.

मग कुणीच नकार दिला नाही का? दिला. आना बेर्टा कोनिगसेग नावाची नन होती, जर्मनीत जन्मलेली, साल्झबुर्गला नर्सिंग करणाऱ्या सिस्टरांची प्रमुख. ऑस्ट्रिया तेव्हा हिटलरच्या राज्यात होता. १९४० साली तिने अधिकाऱ्यांना लिहून कळवलं की रुग्णांना नेण्याच्या कामात आमच्याकडून मदत होणार नाही, आणि आपल्या सिस्टरांनाही तसंच बजावलं. गेस्टापोने दोनदा धरलं, तुरुंगात ठेवलं. ती वाकली नाही. आम्हाला वाटतं, ती धीराची होतीच, पण तिच्याभोवतीचं कुंपणही वेगळं होतं. तिचा दिवस वॉर्डाच्या बैठकीने नाही, प्रार्थनेने सुरू व्हायचा. आमची सफाईवालीही आमच्याबरोबर चहाला बसत नव्हती. नर्सेसच्या टेबलावर जे चालतं ते तिच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं, म्हणून तिला म्हातारी दिसली. आम्हाला सात नंबर दिसत होता.

हादामारच्या त्या आवारात आजही मनोरुग्णांचं इस्पितळ चालतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा बागेत एक तरुण नर्स एका रुग्णाचा हात धरून चालत होती. तो मोठ्याने काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. टेकडी तीच, भिंती त्याच. माणसं आतून फार निराळी असतील असंही नाही. नियम निराळे, आणि कुठल्याही रुग्णाबद्दल काय बोललेलं चालतं ते निराळं. परिस्थिती म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे तिथे समजलं.

हे सगळं नातीला २०२४ मध्ये सांगितलं, पावाच्या डब्यासकट. इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, "आजी, तू 'आम्ही ओरडत होतो' म्हणतेस. तू ओरडलीस का?" हो म्हणायला वेळ लागला. हा लेखही 'आम्ही' करून लिहितोय, जुनी सवय आहे. पण त्या शब्दाच्या मागे लपायला फार जागा असते, हे कबूल केलेलं बरं.

आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आजही वृद्धाश्रमांत, इस्पितळांत काम करतात. त्यांना उपदेश करायचा अधिकार आमचा नाही, फक्त एक युक्ती सांगतो. नव्या वॉर्डात, नव्या ऑफिसात, नव्या देशात गेलात की पहिल्या दिवशी जे जे मनाला खुपलं ते एका वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी वही काढून वाचा. जे खुपेनासं झालं असेल त्याची दोन कारणं असू शकतात. एक तर तुमचा गैरसमज होता, किंवा तुम्हाला गुण लागला. कुठलं ते तुम्हालाच कळेल.

बर्लिनहून निघायच्या दिवशी आम्हीही वहीत एक ओळ लिहिली. "चार दिवसांत आवाज खाली आला." विमानतळाच्या गाडीत ह्यांनी ती वाचली आणि नातीला हिब्रूत, नेहमीच्या आवाजात विचारलं, "पोहोचायला किती वेळ आहे ग?" तिने आजूबाजूला बघितलं. मग तीही हिब्रूतच म्हणाली, "वीस मिनिटं, आजोबा." कुणी वळून पाहिलं नाही.